व्हेनिसला पुन्हा जातोय, यावेळी निवांत. बेटांसाठी सल्ला हवाय

रानजाई
नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांपूर्वी युरोपच्या ग्रुप टूरमध्ये आमचं व्हेनिस 'झालं' होतं. म्हणजे बोटीतून उतरलो, गाइडच्या झेंड्यामागून सान मार्कोच्या चौकात गेलो, काचेच्या कारखान्यात एकाने फुंकून घोडा करून दाखवला, गोंडोल्यात दाटीवाटीने बसलो आणि संध्याकाळी पुन्हा बसमध्ये. यंदा ऑक्टोबरात लेकीकडे म्यूनिकला असू. तिथून रेल्वेने आम्ही दोघंच आठवडाभर जाणार आहोत.

यादी संपवायची नाहीये. बोटीत बसायचं, बेटं बघायची, दुपारी पडी टाकायची. लेक म्हणते पलीकडे मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेला राहा, स्वस्त पडतं. ते करावं का? मुरानो-बुरानोखेरीज कुठे जावं? ह्यांचा गुडघा कुरकुरतो, आणि तिथे तर पावलोपावली पूल. मी शाकाहारी, हे मासे सोडत नाहीत. आणि ऑक्टोबरात पाणी चढतं म्हणतात, ते कितपत खरं?

गोट्या_बिनधास्त
मेस्त्रे नको म्हणजे नको. रात्री नऊनंतरचं व्हेनिस चुकवायचं असेल तर कशाला जाताय एवढ्या लांब? बाकी खाडीकर सांगतील, त्यांचा विषय आहे.

खाडीकर
हाक मारलीत, आता भोगा. :)

राहायचं व्हेनिसच्या उत्तरेकडच्या कान्नारेज्जो भागात, फोन्दामेन्ते नोव्हे धक्क्याच्या आसपास. उत्तरेच्या बेटांच्या बोटी तिथूनच सुटतात, आणि तुमचा बेत बेटांचा आहे. सांता लुचिया स्टेशनाच्या दाराशीच धक्का आहे, तिथून थेट बोट मिळते. सामान पुलांवरून ओढायला लागत नाही. शिवाय त्या भागात मिझेरिकोर्दिया, ओर्मेझिनी असे कालव्याकाठचे लांबलचक सपाट रस्ते आहेत, काकांचा गुडघा तिथे तक्रार करणार नाही. हॉटेलला मात्र लिफ्ट आहे का ते आधी विचारा. जुन्या घरांत बहुतेकदा नसते.

तिकीट सात दिवसांचंच काढा. मी पाहिलेल्या दरात सुटं तिकीट 75 मिनिटांसाठी साडेनऊ युरो आणि आठवड्याचा पास 65 युरो, म्हणजे हिशोब तुम्हीच करा. पास खिशात असला की बोट चुकल्याचं दुःख होत नाही आणि नुसतं फिरायला म्हणूनही चढता येतं. विमानतळाच्या बोटी यात धरलेल्या नाहीत, पण तुम्ही रेल्वेने येताय.

आता बेटं. बारा नंबरची बोट फोन्दामेन्ते नोव्हेहून मुरानो, मात्सोर्बो करत बुरानोला जाते, पाऊण तास धरा. सगळी गर्दी सकाळी दहा-अकराला हीच बोट पकडते. तुम्ही दुपारची झोप काढा आणि तीननंतर निघा. आधी बुरानोशेजारचं तोर्चेल्लो बेट, मग परतताना बुरानो. पाचनंतर दिवसभराची मंडळी पांगतात, लेसच्या दुकानांची शटरं पडतात आणि बायका दारात खुर्च्या टाकून बसतात. बुरानोचा घंटामनोरा चांगलाच कललेला आहे, तो बोटीतूनच दिसतो. जाताना पाण्यात ओकचे खांब दिसतील, दोन-तीन एकत्र बांधलेले. खोल पाण्याची वाट त्यांनी आखलेली असते. पलीकडे पाणी इतकं उथळ की बगळा उभा राहतो.

तोर्चेल्लोला धक्क्यापासून कालव्याकडेने विटांची सपाट वाट आहे. वाटेत कठडे नसलेला एक पूल लागतो, त्यावर चढायची गरज नाही, फोटो पुरे. चर्च मात्र चुकवू नका, आणि बंद व्हायची वेळ पाहून जा. सन 639 मध्ये स्थापन झालेलं. एका काळी हे बेट व्हेनिसपेक्षा गजबजलेलं होतं. मग गाळ साचला, मलेरिया आला आणि लोक उठून गेले. आता जेमतेम मूठभर घरं. आत पश्चिमेच्या पूर्ण भिंतीवर शेवटच्या न्यायाचं, म्हणजे जगाच्या अंती देव पापी-पुण्यवानांचा निवाडा करतो त्याचं, मोझेक आहे. खालच्या कोपऱ्यात मत्सरी लोकांच्या कवट्या आहेत, डोळ्यांच्या खोबणींतून साप वळवळतायत. आणि वळून समोर बघितलं तर रिकाम्या सोनेरी भिंतीवर एकटी मेरी उभी. मी तिथे बाकावर बसून राहिलो होतो, बायको शेवटी बाहेर जाऊन थांबली.

मुरानोला कारखान्याची 'फुकट बोट' देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. घोडा तुम्ही पाहिलाच आहे. काचेच्या भट्ट्या 1291 मध्ये आगीच्या भीतीने तिथे हलवल्या, वगैरे सगळं म्युझियममध्ये छान मांडलंय. मला विचाराल तर सांता मारिया ए दोनातो हे चर्च बघा, आणि आत गेल्यावर मान खाली घाला. जमीन 1140 ची मोझेकची आहे, आणि एके ठिकाणी दोन कोंबडे बांधलेल्या कोल्ह्याला काठीला उलटा लटकवून मिरवत नेतायत.

पाणी: 2020 पासून खाडी समुद्राला मिळते त्या तिन्ही तोंडांशी मिळून 78 दरवाजांचा बांध आहे, मोठी भरती येणार असली की वर उचलतात. 2019 सारखा 187 सेंटीमीटरचा प्रसंग आता सहसा येणार नाही. पण बांध साधारण 110 सेंटीमीटर भरतीचा अंदाज असेल तेव्हा उचलतात आणि सान मार्कोचा चौक त्याच्या बराच आधी ओला होतो. तेव्हा तिकडे जाऊच नका, कान्नारेज्जोत कॉफी प्या.

झुळूक
खाडीकरांचं सगळं मान्य, पण राहायला लिदो का नको? सपाट बेट, बस आहेत, लिफ्टवाली हॉटेलं आहेत आणि सान मार्कोला बोटीने पंधरा मिनिटं. गुडघ्यासाठी तेच बरं.

खाडीकर
लिदो वाईट नाही, पण तिथे मोटारी आहेत हो. एवढं करून हॉर्नच ऐकायचे? गुडघा फारच दुखत असेल तर मात्र झुळूक यांचं ऐका.

रानजाई
वाचूनच निम्मं फिरून झालं, धन्यवाद! कान्नारेज्जोच बघते. जेवणाचं कुणी सांगेल का? मागच्या वेळी ग्रुपबरोबर डब्यातली पुरीभाजी होती, त्यामुळे काहीच कल्पना नाही.

मीठभाकर
रानजाईताई, मी अंडंसुद्धा खात नाही, तरी उपाशी राहिले नाही. एक सापळा लक्षात ठेवा: बिगोली इन साल्सा. मेनूवर कांदा घातलेला साधा पास्ता वाटतो, पण साल्सात अँचोव्ही मासे विरघळवलेले असतात. रिसोत्तो, म्हणजे तिथला मऊ भात, तोसुद्धा विचारूनच घ्या, मासळीच्या किंवा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. बाकारोत, म्हणजे उभ्याने खायच्या छोट्या दुकानांत, काचेमागे चिकेत्ती, म्हणजे तोंडात टाकायचे छोटे पदार्थ, मांडलेली असतात. त्यातले आर्टिचोक भाजीचे शिजवलेले गड्डे घ्या, चीजचे ब्रेडवरचे प्रकार घ्या. बोट दाखवलं की काम होतं. पक्कं शाकाहार पाळत असाल तर परमेजान चीजमध्ये वासराचं रेनेट (दूध गोठवायला वापरायचा त्याच्या पोटातला रस) असतं, हे माहीत असू द्या.

काकांची मात्र चंगळ. सार्दे इन साओर म्हणजे तळलेल्या सार्डिन कांदा, व्हिनेगर, बेदाणे घालून मुरवतात. आमच्या ह्यांना कोलंबीच्या लोणच्याची आठवण झाली. बुरानोला गो नावाच्या खाडीतल्या माशाचा रिसोत्तो मागा.

ठाणेकर_जुने
विषयांतर: तिथला विमानतळ ज्याच्या नावाचा, त्या मार्को पोलोने आमच्या ठाण्याबद्दल लिहून ठेवलंय. परतफेड म्हणून कुणीतरी ठाणेकराने व्हेनिसवर लिहायला हवं. रानजाई, वृत्तांत टाकाच.

आडवाट
सान लाझ्झारो देल्ली आर्मेनी कुणीच कसं सुचवलं नाही? वीस नंबरची बोट सान मार्कोजवळच्या सान झाक्कारिया धक्क्याहून या बेटावर जाते. 1717 पासून आर्मेनियन साधूंचा मठ आहे, इंग्रज कवी बायरन तिथे आर्मेनियन भाषा शिकायला जायचा. इजिप्तची ममी आहे, हस्तलिखितांचा खजिना आहे. आणि आपल्याकडचा धागा म्हणजे, ह्या साधूंनी व्हेनिसमध्ये चालवलेली शाळा मद्रासच्या आर्मेनियन व्यापाऱ्यांनी ठेवलेल्या पैशांतून उभी राहिली. एकट्याने भटकू देत नाहीत, साधूंच्या वेळेनुसार फेरी असते, तेव्हा आधी बुकिंग करा. गुलाबपाकळ्यांचा मुरांबा मिळाला तर घ्या, गुलकंदाच्या जवळचा आहे.

झुळूक
आणि एक दिवस अकरा नंबर! लिदोहून बस निघते, बेटाच्या टोकाला आख्खी बसच फेरीबोटीवर चढते, पेलेस्त्रिना बेटावर उतरून पुढे धावते, आणि शेवटी बोटीने क्योज्जा गाव. शेवटच्या बोटीसाठी तेवढं बसमधून उतरायचं, एरवी गुडघ्याला सुट्टी. खिडकीतून एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला अठराव्या शतकातली दगडी समुद्रभिंत. क्योज्जाला गुरुवारी जा, आठवडी बाजार असतो.

खाडीकर
सोमवारी मात्र नको, मासळीबाजार बंद असतो. व्हेनिसमधला रियाल्तोचा तर रविवारीही बंद, तेव्हा काकांना तिथे मंगळवारी सकाळी न्या. सांता सोफियाच्या धक्क्याहून ग्रँड कॅनॉल ओलांडून बाजाराकडे नेणारा गोंडोला आहे, दोन युरोत उभ्याने दोन-तीन मिनिटं. नेहमीच्या गोंडोल्याचा नव्वद युरोचा अर्धा तास वाचला.