आईची साठी, कोल्हापूरहून रत्नागिरी: काय दाखवू?

रंकाळाकर: आईला केक नको, समुद्र हवाय. शनिवारी पहाटे निघून आंबा घाटातून रत्नागिरी, रविवारी परत. गुडघे दुखतात तिचे.

सुरूचं_बन: भाट्ये किनारा. बनात सावली असते, निवांत बसतील. थिबा राजवाडाही बघा. ब्रह्मदेशचा हा राजा १९१६ साली रत्नागिरीतच वारला, नजरकैदेत.

रत्नांग्रीकर: रत्नदुर्गाच्या पायऱ्या टाळा हो! गणपतीपुळ्याला आरे-वारेच्या रस्त्यानेच जा. वरच्या वळणावर गाडी उभी केलीत की बसल्या जागी दोन्ही किनारे दिसतात. केकऐवजी उकडीचे मोदक. खाणावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवा, ऐन वेळी कोण देणार?

रंकाळाकर: मोदक पक्के. आईने बजावलंय, मोदकात मेणबत्ती खोचलीस तर तिथेच राहीन.