जेजुरीचा भंडारा आणि कॅमेरा
काही जण म्हणतात की जेजुरीला उधळतात त्या भंडाऱ्यात, म्हणजे हळदीत, कॅमेरा नेऊच नये, लेन्सची वाट लागते. हळदीच्या धुळीचं पटलं, पण मग सोमवती अमावस्येला जेजुरीत जायचं कशाला! तिथे लेन्स बदलायची नाही, पुढे साधा यूव्ही फिल्टर आणि बॉडीला प्लॅस्टिकची पिशवी, माझं एवढ्यावर भागतं. हळद बसलीच तर आधी ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा) मारा, ओलं फडकं लावलंत तर डाग पक्का.

रंगाचं मात्र कुणी बोलतच नाही. ऑटो व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे रंगाचा तोल आपोआप ठरू दिला तर, कॅमेरा तो पिवळा मारायला बघतो, म्हणून डेलाइटला, साधारण ५२०० केल्विनवर फिक्स ठेवायचा आणि हिस्टोग्राममध्ये (फोटोतल्या उजेडाचा आलेख) लाल चॅनल वेगळा बघायचा, कारण भर उन्हात तोच आधी फुटतो, म्हणजे मर्यादेपलीकडे जाऊन बारकावे हरवतो, आणि मग उधळलेल्या भंडाऱ्याचा पोत जाऊन नुसता सपाट पिवळा डाग उरतो, रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असली तरी फारसा परत येत नाही.