मनगटातली प्लेट काढल्यानंतरचे दिवस : तुमचे अनुभव लिहा

हात मोडतो तेव्हा सगळं घर धावून येतं. हाड जुळावं म्हणून तेव्हा स्क्रूंनी बसवलेली धातूची प्लेट वर्ष-दीड वर्षानं काढायची वेळ येते तेव्हा मात्र जो तो म्हणतो, "आता काय, नुसती काढायचीच तर आहे." या काढण्यानंतरच्या दिवसांबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून हा धागा.

माझी प्लेट उजव्या मनगटात, तळव्याच्या बाजूनं होती. हाड नीट जुळलं होतं, पण अंगठा वाकवताना आत काहीतरी कुरकुरायचं. अंगठ्याचं टोक वाकवणारी कंडरा तिथूनच जाते. प्लेटची कड वर आलेली असली तर कंडरा तिच्यावर घासत राहते, आणि क्वचित तुटतेसुद्धा. म्हणून मला काढायला सांगितलं. काहीच त्रास नसेल तर प्लेट जन्मभर आत राहिली तरी चालते, हेही तेव्हाच कळलं.

भूल फक्त हाताला दिली होती. रात्री तिचा असर उतरू लागला की दुखणं एकदम चढतं, म्हणून गोळी त्याआधीच घ्यायची, असं नर्सताईंनी बजावलं होतं. त्याचा फार उपयोग झाला. हात उशीवर, छातीपेक्षा उंच, आणि बोटं पहिल्या दिवसापासून हलती. पहिल्या ऑपरेशनच्या मानानं दुखणं खरंच कमी होतं, आणि गडबड होते ती इथेच. स्क्रू निघतात, पण त्यांची भोकं हाडात उरतात. ती भरायला काही महिने लागतात. तोवर टाके निघालेले असतात, सूज ओसरलेली असते, हात दिसायला बरा असतो, आणि घरचे हातात पाण्याची बादली देतात. त्या काळात पडलात तर हाड पुन्हा मोडू शकतं. वजन उचलायला साधारण 6 ते 12 आठवडे थांबा असं बहुतेक डॉक्टर सांगतात. प्रत्येकाचं हाड वेगळं, तेव्हा आपल्या डॉक्टरांचा आकडा तो आपला. मी कणीक मळणं घरच्यांवर सोपवलं आणि निःसंकोच सोपवलं.

आता तुम्ही लिहा. काय जड गेलं, कशानं बरं वाटलं?

नाशिक, द्राक्ष बागायतदार
ताई, बादलीचं अगदी बरोबर. आमच्याकडे प्रश्न कात्रीचा. ऑक्टोबर छाटणी म्हणजे दिवसभर मूठ आवळायची आणि सोडायची. म्हणून मी प्लेट पावसाळ्याच्या तोंडावर काढून घेतली, म्हणजे हाताला मधले महिने मिळाले. डॉक्टरांना सरळ सांगितलं की माझं काम हे असं आहे, त्याप्रमाणे तारीख द्या. त्यांनीही मनावर घेतलं. आधी मऊ चेंडू दाबायचा, मग ओला टॉवेल पिळायचा, मग सुक्या काड्या कापायच्या, या क्रमानं गेलो. एक्स-रे बघून होकार मिळाल्यावरच बागेत उतरलो. शेतकरी बांधवांनी तारीख हंगाम बघूनच ठरवावी, घाईनं नको.

डोंबिवली, बँकेत नोकरी
मला दुखण्यापेक्षा गर्दीची धास्ती जास्त. लोकलमध्ये वरची कडी धरायची सोय नाही, आणि टाक्यांच्या जागेवर कुणाचा कोपर लागला तर डोळ्यांत पाणी. फिजिओनं सांगितलं, घरी पट्टा नको, मनगट आखडतं. प्रवासापुरता मात्र लावा, तो बघून लोक जरा जपतात. तसंच झालं, एका मावशींनी उठून जागासुद्धा दिली.
दुसरी गोष्ट, व्रणाच्या खाली तळव्याकडचा भाग बधिर होता आणि स्पर्श झाला की मुंग्या यायच्या. जखम पूर्ण भरल्यावर खोबरेल तेलानं व्रण चोळायचा, मग त्यावर आधी मऊ सुती कापड, पुढे खरखरीत टॉवेल फिरवायचा, असं सांगितलं होतं. कंटाळवाणं काम आहे, पण आता घड्याळाचा पट्टा सहन होतो.

सातारा, एका शाळकरी मुलाची आई
आमच्या मुलाला प्लेट नव्हती, तारा होत्या. त्या ओपीडीतच काढल्या, भूल न देता. तो रडला ते भीतीनं, दुखलं थोडंच. खरी कसरत नंतर, त्याला झाडापासून आणि सायकलपासून लांब ठेवण्याची.

पुणे, संगणक क्षेत्र
काढायला जाण्याआधी एक विचारून ठेवा : स्क्रू अडकला तर काय करणार? प्लेटमध्ये पक्के बसणारे स्क्रू कधीकधी घट्ट जाम होतात किंवा त्यांचं डोकं झिजतं. माझं तसं झालं. ऑपरेशन लांबलं, आणि एक तुकडा तिथेच ठेवला, कारण तो काढायला हाड कोरावं लागलं असतं. त्याचा त्रास काही नाही. पण मला हे आधी कळवलेलं होतं, म्हणून शुद्धीत पडून ऐकत असताना घाबरलो नाही.

कोल्हापूर, तबलावादक
माझा डावा हात, म्हणजे डग्ग्याचा. मनगटाचा तळ पुडीवर दाबून पुढे सरकवला की घुमारा चढतो, आणि प्लेट नेमकी त्याच जागी टोचायची. काढल्यावर टोचणं गेलं, हा मोठा आनंद. पण तळवा पूर्ण उताणा होत नव्हता, तो काढल्यानंतरही झाला नाही. आखडलेपण सांध्याचं होतं, प्लेटचं नव्हतं. शिष्यांना मी हेच सांगतो की प्लेट का काढतोय ते आधी पक्कं करा. टोचतंय म्हणून काढली तर समाधान मिळतं. हात जास्त वळेल या आशेनं काढली तर डॉक्टरांशी आधी मोकळेपणी बोला. रियाज मी नुसत्या बोटांच्या बोलांनी सुरू केला. घिस्सा, म्हणजे मनगट दाबून सरकवणं, बराच नंतर.

छत्रपती संभाजीनगर, निवृत्त शिक्षिका
मी प्लेट काढलीच नाही. अंगणात साधी घसरले आणि मनगट गेलं. डॉक्टर म्हणाले, बाई, एवढ्याशा पडण्यानं हाड मोडतं तेव्हा हाड तपासायला हवं. डेक्सा केली तर हाडं ठिसूळ निघाली. आता त्याचं औषध चालू आहे, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमही. प्लेट त्रास देत नाही, मग दुसरी भूल आणि हाडातली भोकं कशाला, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. पन्नाशीपुढच्या मैत्रिणींनो, प्लेटचा निर्णय काहीही होवो, हाडांची तपासणी तेवढी करून घ्या. आणि प्लेट आत ठेवणार असाल तर ती कोणत्या धातूची आहे तो कागद जपून ठेवा. एमआरआयच्या वेळी आधी तेच विचारतात. माझ्याकडे होता, म्हणून काम लगेच झालं.