भावाचा फोन लंडनमध्ये हिसकावला, इथून काय करता येईल?

ऐरोलीची_ताई
मंडळी जरा घाईत लिहितेय. धाकटा भाऊ लंडनला एमएस्सी झाला, आता ग्रॅज्युएट व्हिसावर (शिक्षणानंतर तिथे नोकरी करायला मिळतो तो) आहे, २ वर्षांतलं एक संपत आलं, मनासारखी नोकरी नाही, ईस्ट हॅमला तिघांत एक खोली आणि गोडाउनमध्ये रात्रीची शिफ्ट. काल स्टेशनबाहेर मॅप बघत उभा होता तर मागून ई-बाइकवर आलेल्या पोराने हातातला फोन खेचला आणि गेला पण. लागलं वगैरे नाही. पण आपलं इथलं सिम त्याच फोनमध्ये होतं आणि लोनच्या बँकेचे ओटीपी त्यावरच येतात, ५ तारखेला हप्ता आहे. मोबाइल कंपनीच्या गॅलरीतला म्हणतो ज्याच्या नावावर नंबर तोच माणूस पाहिजे. भाऊ म्हणतो आईबाबांना सांगू नको, आधीच त्यांना टेन्शन. मी इथून काय करू? आणि पुढे त्याने काय काळजी घ्यावी, पण फुकटातली सांगा, पैसे खरंच नाहीयेत.

घोडबंदर_जाम
मी होतो तिकडे ३ वर्षं. फोन अनलॉक असताना खेचला ना? मग फोन गेला ते सोड, आतलं बँकेचं ॲप बघा आधी. रूममेटच्या फोनवरून १५९ लावायला सांग, तिकडच्या बहुतेक बँकांना तिथून जोडून देतात. मग ईमेलचा पासवर्ड. हे लोक विसरतात, आता व्हिसाचं कार्ड नसतं, सगळं ई-व्हिसा, त्या लॉगिनचा कोड फोनवर नाहीतर ईमेलवर येतो, दोन्ही चोराकडे असले तर नवीन नोकरीसाठी शेअर कोड, म्हणजे मालकाला व्हिसा दाखवायचा कोड, काढणार कसा? पोलिसात ऑनलाइन तक्रार टाकायची, फोन परत मिळेल ही आशा सोडा पण क्राइम रेफरन्स नंबर लागतो. फोन इथून घेतला असेल तर खोका घरी असेल बघ, त्यावर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर असतो, फोटो काढून पाठव. तेवढं काम तू ऐरोलीत बसून करू शकतेस.

मुंब्रा_स्लो
आपल्याकडची फटका गँग आठवते का, कळवा-मुंब्र्याच्या मधे लोकलच्या दारात फोनवर बोलत उभं राहिलं की खालून काठीचा फटका. तिथं लहानपणापासून कान उपटलेत म्हणून आपण दारात फोन काढत नाही, आणि लंडनला गेलो की फुटपाथच्या कडेला रस्त्याकडे तोंड करून मॅप बघतो 😅 भिंतीला पाठ लावून नाहीतर दुकानात शिरून बघायचं, एवढंच. आयफोन असेल तर स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन चालू करायचं, अँड्रॉइडला थेफ्ट डिटेक्शन लॉक. फुकट आहे दोन्ही.

सीवूड्स_काकू
एवढे हाल काढून तिथं राहायचंच कशाला, परत बोलवून घे गं त्याला.

घोडबंदर_जाम
काकू लोनचा हप्ता इथल्या फ्रेशरच्या पगारात बसत नाही हो, म्हणून राहतात पोरं. मी पण पावणेदोन पाउंडाची बस वाचवायला रात्री पाऊण तास चालत यायचो, आज वाटतं मूर्खपणा होता, पण तेव्हा त्यात उद्याचं दूध-ब्रेड दिसायचं. ताई, शिफ्टवरून येताना बस घे म्हणावं, तासाभरात दुसरी बस बदलली तर पुन्हा पैसे लागत नाहीत. आणि पासपोर्ट खिशात घेऊन फिरत असेल तर आधी घरी ठेवायला लाव.

कोपरी_पूर्व
चोरापेक्षा मला दुसऱ्याची भीती जास्त. पैसे नाहीत हे कळलं की कोणीतरी गोड बोलत येतोच, तुझ्या खात्यावर पैसे घेतो, पुढे पाठव, थोडे तुला ठेव. माझ्या चुलतभावाच्या रूमवर आला होता असा एक, आपलाच मराठी बोलणारा. ते मनी लाँडरिंग आहे, तिकडे कमाल शिक्षा १४ वर्षं, खातं बंद होतं ते वेगळं. व्हिसाची स्पॉन्सरशिप विकत देतो म्हणणारे पण त्यातलेच. हे भावाला स्पष्ट विचार, लाजेने सांगत नाहीत पोरं.

मुंब्रा_स्लो
अरे पण सिमचं राहिलंच. ताई नंबर नक्की कोणाच्या नावावर आहे? आमच्याकडे घरातले चारही नंबर बाबांच्या नावावर निघाले होते.

ऐरोलीची_ताई
मुंब्रा_स्लो तुमचे पाय कुठेत 🙏 बाबांच्याच नावावर निघाला, कॉलेजला असताना घेतलेला. म्हणजे सांगावंच लागलं. मला वाटलं आता बीपी वाढणार, तर बाबा म्हणाले ९८ साली ठाणे स्टेशनच्या पुलावर माझं पगाराचं पाकीट मारलं होतं, तुझ्या आईला अजून माहीत नाही. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, माहितीये मला. मग दोघं गेलो गॅलरीत, सिम मिळालं, पण पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत म्हणे, म्हणजे ओटीपी उद्या दुपारनंतर. खोका माळ्यावर सापडला, फोटो पाठवला. कोपरी_पूर्व, विचारलं त्याला. "दोनदा आले होते" म्हणाला. नाही म्हणून सांगितलंय म्हणतो, पण मी आज रात्री परत फोन करणार आहे.