लिंबू-कांदा नको, आधी टाळू शांत होऊ द्या
ताई, केस गळतात आणि कोंडा होतो म्हणून तुम्ही उपाय विचारलात, त्यावर कुणीतरी कांद्याचा रस आणि लिंबू चोळायला सांगितलंय. पण तुमची टाळू लाल झालीये, खाजतेय, तर कृपा करून हे दोन्ही लावू नका. खाजवून सोलवटलेल्या जागी लिंबू भयंकर झोंबतं आणि आग वाढते. त्यापेक्षा मेथी बरी. दोन चमचे दाणे रात्रभर भिजवा, सकाळी त्याच पाण्यात बुळबुळीत वाटा आणि फडक्यातून गाळून घ्या, नाहीतर कण केसांत अडकून बसतात. टाळूला लावा आणि अर्ध्या तासाने कोमट पाण्याने धुवा. टाळूला गारवा मिळतो, नवे केस मात्र याने उगवत नाहीत.

कोंडा तेलकट, पिवळसर असेल तर रात्रभर तेल थापणं आधी थांबवा. मॅलासेझिया ही बुरशी टाळूवरच्या तेलावरच पोसते. तिथे डॉक्टरांना विचारून २ टक्के केटोकोनॅझोलचा (बुरशीनाशक औषधाचा) शाम्पू वापरा, फेस पाच मिनिटं राहू द्या.

बाळंतपण, डेंगी, टायफॉइडनंतर दोन-तीन महिन्यांनी केसांचे पुंजके गळतात, ते बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबतं. तरीही थांबलं नाही, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासून घ्याच. नाण्याएवढं गुळगुळीत टक्कल दिसलं तर थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा.