कंदुरीत जेवल्यापासून एचआयव्हीची भीती बसलीय, कुणी तरी खरं सांगा

तेरणाकाठ_लातूर
नमस्कार. नाव सांगत नाही, लातूरला छोटं दुकान हाय, गाव औसा तालुक्यात. मागल्या महिन्यात चुलत्याच्या नवसाची कंदुरी होती. कांदे चिरायला भावकीतले एक तात्या बसले होते, त्यांना एचआयव्ही हाय असं सगळं गाव म्हणतंय, गोळ्या आणायला जातेत लातूरला. चिरता चिरता त्यांचं बोट कापलं, मी समोरच उभा होतो, कांद्यावर रक्त पडलं का नाही ते दिसलं नाही, त्यांनी चिंधी गुंडाळली आन परत चिरायला लागले. तो कांदा रश्श्याला गेला आन कच्चा ताटात पण आला. माझं तेव्हा तोंड आलेलं होतं, जिभेला फोड होते. तसाच जेवलो, पाण्याचा तांब्या पण पंगतीत एकच फिरत होता.
नंतर अंगात कणकण आली आन मी मोबाईलवर लक्षणं वाचत बसलो. तेव्हापासून मानेला, काखेत गाठ लागती का ते दिवसभर चाचपायलोय, गिऱ्हाईक समोर असलं तरी हात तिथंच जातोय. बायको पाच महिन्यांची गरोदर हाय, तिला काय व्हायला नको म्हणून ताट वेगळं केलं, अंथरूण पण वेगळं, तिला वाटायलंय माझं काय तरी बिनसलंय. लॅबमध्ये टेस्ट केली, निगेटिव्ह आली, पण तिथला पोरगा म्हणला तीन महिन्यांनी परत करा. म्हणजे काय तरी असंल म्हणूनच म्हणला ना?

समुपदेशक_ताई
दादा, आधी उत्तर देते म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल: कंदुरीत जेवून तुम्हाला एचआयव्ही झालेला नाही. मी ग्रामीण रुग्णालयात आयसीटीसीला, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, काम करते, असे प्रश्न रोजचे आहेत. हा विषाणू अंगाबाहेर तग धरत नाही, रश्श्याच्या उकळीत तर नाहीच, आणि कच्च्या कांद्याला थेंब लागला असं धरलं तरी उघड्या हवेत तो निकामी व्हायला लागतो, उरलंसुरलं पोटातलं आम्ल संपवतं. तोंड आलेलं असलं तरी हेच. अन्नातून लागण झाल्याच्या जगात ज्या मोजक्या नोंदी आहेत त्यात बाधित माणसानं स्वतः चावलेला, हिरडीतलं रक्त लागलेला घास तान्ह्या बाळाला भरवला होता. तांब्या, ताट, अंथरूण, संडास यातून होतच नाही. होतो तो निरोध न वापरता आलेल्या शरीरसंबंधातून, बाधित रक्तातून, एकमेकांच्या सुईतून आणि आईकडून बाळाला.
लॅबवाला तीन महिन्यांचं सगळ्यांनाच सांगतो, तुम्हाला बघून नाही म्हणाला. कंदुरीसाठी टेस्टचीच गरज नव्हती. पण दादा, मनात दुसरी काही गोष्ट असेल, जी इथं लिहिता येत नाही, तर सरळ आयसीटीसीत जा, तपासणी फुकट आहे, बाहेर कुणाला कळत नाही. १०९७ या एड्सच्या हेल्पलाइनवर फोन केला तरी चालतो, तोही फुकट. आणि खरी जोखीम कधी घडलीच तर ७२ तासांच्या आत सरकारी दवाखाना गाठायचा, लागण टाळायला २८ दिवसांच्या गोळ्या असतात, हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा.

बालाघाट_बीड
ताई एक विचारू का, आमच्याकडं डास लई आहेत, रक्तच पितो ना तो, एकाचं पिऊन दुसऱ्याला चावला तर? आन दाढीचं ब्लेड?

समुपदेशक_ताई
डास चावताना आधीच्या माणसाचं रक्त सोडत नाही, स्वतःची लाळ सोडतो, आणि एचआयव्ही डासाच्या पोटात वाढत नाही, पचून जातो. डेंग्यूचं वेगळं आहे. ब्लेड नवीनच लावायला सांगा, हेपटायटिस बी या रक्तातून पसरणाऱ्या काविळीसाठी तरी, तिचा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवस जगू शकतो.

मन्याड_नांदेड
दादा मला एचआयव्ही आहे. मालक ट्रकवर होते, ते गेले, मी एआरटीवर, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या औषधावर आहे, रोज एक गोळी. मुलगा झाला तेव्हा दीड महिन्यावर त्याच्या टाचेला टोचून कागदावर रक्ताचे थेंब घेतले होते आणि दीड वर्षाला शेवटची टेस्ट झाली, निगेटिव्ह. माझ्या हातची भाकरी खाऊनच मोठा झाला. तरी सासरी माझा पेला वेगळा होता, चुकून कुणी घेऊ नये म्हणून त्याला लाल दोरा बांधलेला. तुमच्या गावात त्या तात्यांना पंगतीचे कांदे चिरायला बसू देतात हे वाचून मला लई बरं वाटलं, तुमच्या भीतीपायी ते बंद होऊ देऊ नका. विषाणू रक्तात सापडत नाही इतका कमी झाला की संबंधातूनसुद्धा पसरत नाही, मग कांद्यातून कुठला? तुमच्याच तालुक्यात हासेगावला सेवालय आहे, एचआयव्ही असलेली पोरं तिथं राहून शिकली, एकदा जाऊन या.

जायकवाडी
भाऊ, माझं सलूनच्या वस्तऱ्यावरून असंच झालं होतं. रिपोर्ट निगेटिव्ह आला की दोन दिवस बरं वाटायचं, मग डोक्यात यायचं की मशीन चुकलं असंल, आन परत लॅब. चाचपून चाचपून मान दुखायला लागली आन मला वाटलं तीच गाठ. हा चिंतेचा आजार असतो आन त्याला उपचार हायेत, शेवटी मानसोपचारवाल्या डॉक्टरकडं गेलो तेव्हा सुटलो. १४४१६ टेली मानस म्हणून मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन हाय, तिथं मराठीत बोलता येतं. आन मोबाईलवर लक्षणं वाचायचं आजच बंद करा, परत टेस्ट केली की खात्री होत नाही, उलट तलफ लागती.

तेरणाकाठ_लातूर
ताई, दुसरं काहीच नाही, शपथेवर सांगतो. सगळ्यांचे उपकार हायेत. १४४१६ ला लावतो. बायकोला कसं सांगावं तेवढं कळंना गेलंय, घाबरंल ती. तिची टेस्ट करावी का?

समुपदेशक_ताई
तुमच्यामुळं नको. गरोदरपणाच्या नोंदणीला एचआयव्हीची तपासणी सगळ्याच बायकांची करतात, तिचीही झाली असेल. तिला हा धागाच वाचायला द्या, अंथरूण आजच एकत्र करा, आणि पुढच्या तपासणीला तिच्यासोबत तुम्ही पण या.