मदत हवी आहे: भेंडीच्या मुळांना गाठी, पावडर टाकूनही फरक नाही

वीकेंड_शेतकरी: पंधरा दिवस झाले पावडर टाकून, फरक शून्य. झाडं दुपारी माना टाकतात, संध्याकाळी परत उभी. काल एक उपटलं तर मुळं आल्याच्या गड्ड्यासारखी. दुकानदार म्हणतो अजून एक डोस द्या. देऊ का? मी ठाण्याला असतो, शनिवारीच मुरबाडला जाणं होतं. लवकर सांगा.

खुरपं: कसली पावडर? क्षेत्र किती? आधी त्या जागी काय होतं?

वीकेंड_शेतकरी: सूत्रकृमीवरची (मुळात घुसणाऱ्या बारीक किड्यांवरची) बुरशी, पॅसिलोमायसिस. १० गुंठे. आधी वांगी, त्याआधी टोमॅटो. डोस देऊ की नको एवढंच सांगा ना.

पिंट्या_कोपरी: गाठी म्हणजे नत्राच्या ना? मग चांगलंच की.

खुरपं: पिंट्याशेठ, त्या शेंगवर्गीय पिकांना. नखाने अलगद निघतात. इथे मूळच फुगून गाठ होते. गाठ ब्लेडने चिरा, टाचणीच्या डोक्याएवढी मोत्यासारखी पांढरी सूत्रकृमीची मादी दिसेल.
आणि वांगी, टोमॅटो, भेंडी तिन्ही सूत्रकृमींच्या आवडीची. तीन पिकं पाहुणचार केलात. ही बुरशी मुख्यतः अंडी खाते. मुळात आधीच घुसलेल्यांना ती लगेच काही करत नाही, त्यामुळे उभ्या पिकात पंधरा दिवसांत काय दिसणार?

तात्या_शहापूर: बुरशीबिरशी सोडा. निंबोळी पेंड टाका, कडेने झेंडू लावा. आम्ही वर्षानुवर्षं हेच करतो.

खुरपं: तात्या, पेंड उत्तमच, पण लागवडीआधी. झेंडूही कडेने दोन ओळी शोभेला. उपयोग हवा तर अख्ख्या तुकड्यात दोन-तीन महिने ठेवावा लागतो.

तात्या_शहापूर: शोभेला? दसऱ्याला त्याचेच पैसे होतात आमचे.

गच्चीवरची_बाग: वाशीत माझ्या कुंडीतल्या जास्वंदीवर पांढरा कापूस आलाय. हेच का ते?

झटपट: दाणेदार विष टाका, विषय संपला.

खुरपं: तोडा चालू असताना? ती भेंडी कोण खाणार, तुम्ही?
@वीकेंड, पावडरीच्या मागेपुढे दुसरं काही दिलंत का?

वीकेंड_शेतकरी: मर (झाडं सुकवणारा बुरशीचा रोग) वाटली म्हणून त्याच आठवड्यात कार्बेन्डॅझिम ओतलं मुळाशी. त्याचा काय संबंध?

खुरपं: बुरशीनाशक आहे ते! बुरशी पेरायची आणि वर बुरशीनाशक. पाकीट कुठे ठेवलं होतंत?

वीकेंड_शेतकरी: गाडीच्या डिकीत. तीन शनिवार राहूनच गेलं.

खुरपं: एप्रिलच्या उन्हात! बुरशी मेली असणार, शेतात बहुतेक नुसती टाल्कम पावडर गेलीय. डोस नको. मिळेल तेवढी भेंडी तोडून घ्या, मग झाडं मुळासकट उपटून वाळवून जाळा, उकिरड्यावर नको. मे महिन्यात जमीन भिजवून पारदर्शक प्लास्टिक अंथरा, ४ ते ६ आठवडे, कडा मातीने दाबून. पावसाळ्यात तिथे भात घ्या, पाणी साचलं की सूत्रकृमी घटतात. पुढच्या भाजीआधी ताजी पावडर शेणखतात मिसळून ओल्या गोणपाटाखाली सावलीत १०-१५ दिवस ठेवा, मग सरीत घाला.

वीकेंड_शेतकरी: भाताला वेळ कुणाला आहे! प्लास्टिकचं बघतो. अर्धं पाकीट अजून डिकीतच आहे, त्याचं काय करू?

गच्चीवरची_बाग: मला द्या, जास्वंदीला घालते.

खुरपं: काकू, तो मिलीबग आहे, पिठ्या ढेकूण. साबणाचं पाणी मारा.